ब्रॉक पर्डी खरंच एलिट आहे का? की सगळी सिस्टिमची कमाल?

लोकलमध्ये असाल, जिममध्ये असाल किंवा माझ्यासारखे हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकला असाल, तर इअरफोन नीट लावा. आज क्रिकेट नाही. आज अमेरिकन फुटबॉल. थांबा, लगेच स्किप करू नका! नियम माहीत नसले तरी चालेल, मी सांगतो. कारण आजचा प्रश्न तुमच्या-माझ्या ऑफिसमध्येही फिरत असतो: एखादा माणूस खरंच भारी आहे, की भारी टीममध्ये आहे म्हणून भारी दिसतोय?

१२ फेब्रुवारी २०२४, सोमवार, पहाटेचे पाच. अमेरिकेत रविवारची संध्याकाळ, लास व्हेगासमध्ये सुपर बोल. मी आणि माझा रूममेट चहाचे मग घेऊन लॅपटॉपसमोर. तो कॅन्सस सिटी चीफ्सचा, म्हणजे पॅट्रिक महोम्सचा भक्त. मी सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचा. आई आदल्या रात्रीच फोनवर म्हणाली होती, "एवढ्या पहाटे उठून अभ्यास केला असतास तर आज कुठे असतास!" असो.

मी फोर्टीनाइनर्सचा का? कारण आमची अर्धी टीम सांता क्लारात बसते आणि फोर्टीनाइनर्सचं लीवाइज स्टेडियमही त्याच गावात आहे. तिथे आमचे एक सीनियर आहेत, मूळचे साताऱ्याचे. त्यांच्यासोबतच्या कॉलवर आधी स्कोअर, मग स्प्रिंट. त्यांनीच मला हा नाद लावला.

त्या दिवशी मॅच ओव्हरटाइममध्ये गेली. फोर्टीनाइनर्स २५-२२ हरले. सव्वानऊच्या सुमारास मॅच संपली, साडेनऊला आमचा स्टँडअप. आणि लॅपटॉप बंद करताना रूममेट म्हणाला, "तुझा पर्डी चांगला आहे रे. पण एलिट नाही. सिस्टिम क्वार्टरबॅक आहे." त्या वाक्यावरून आमचं जे भांडण सुरू झालं, ते अजून सुरू आहे. आजचा एपिसोड म्हणजे त्या भांडणाचा माझ्यापुरता निकाल.

आधी दोन मिनिटांत बेसिक. एका वेळी मैदानात एका बाजूचे ११ जण. चार प्रयत्नांत चेंडू किमान १० यार्ड पुढे न्यायचा; जमलं तर पुन्हा चार प्रयत्न. जवळजवळ प्रत्येक प्रयत्न क्वार्टरबॅकच्या हातात चेंडू येऊन सुरू होतो. त्याच्याकडे जेमतेम अडीच-तीन सेकंद. समोरून सव्वाशे-दीडशे किलोचे गडी अंगावर येतायत, आपले चार-पाच जण वेगवेगळ्या दिशांना पळतायत, आणि याने ठरवायचं की कोणाला पास द्यायचा. चुकला तर चेंडू थेट विरोधी टीमच्या हातात. त्याला इंटरसेप्शन म्हणतात. म्हणजे कॅप्टनसी आणि बॅटिंग एकाच माणसाने, एकाच बॉलवर करायची.

आता आपला हिरो, ब्रॉक पर्डी. जन्म डिसेंबर १९९९चा. आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीकडून चार वर्षं खेळला. २०२२च्या ड्राफ्टमध्ये टीम्सनी एकूण २६२ खेळाडू उचलले आणि पर्डीचा नंबर होता २६२. शेवटचा. त्याच्याआधी आठ क्वार्टरबॅक उचलले गेले होते. या शेवटच्या माणसाला १९७६पासून एक टोपणनाव देतात: मिस्टर इररेलेव्हंट. म्हणजे, असला काय नि नसला काय, सारखंच. त्याला एक गमतीची ट्रॉफीही मिळते, ज्यावरच्या पुतळ्याच्या हातातून चेंडू निसटत असतो. कौतुक आहे की चेष्टा, तुम्हीच ठरवा.

मला हा माणूस पहिल्या दिवसापासून जवळचा का वाटला, तेही सांगून टाकतो. आमच्या कॉलेजमध्ये कॅम्पसला जी शेवटची कंपनी आली, तिच्या यादीत माझं नाव सगळ्यात खाली होतं. त्यामुळे मी काही निष्पक्ष जज नाही. हे लक्षात ठेवून पुढचं ऐका.

२०२२चा सीझन सुरू झाला तेव्हा पर्डी तिसऱ्या नंबरचा क्वार्टरबॅक होता. पहिला ट्रे लान्स. त्याला २०२१मध्ये तिसऱ्या नंबरवर उचलायला टीमने स्वतःचे तीन पहिल्या फेरीचे पिक्स मोजले होते. सीझनच्या दुसऱ्याच मॅचमध्ये त्याचा घोटा गेला. दुसरा जिमी गरापलो. डिसेंबरमध्ये त्याचा पाय गेला. मग आला पर्डी. सुरुवातीपासून खेळलेली पहिली मॅच कोणाविरुद्ध? टॉम ब्रेडीच्या टीमविरुद्ध! ३५-७ जिंकला. रेग्युलर सीझनमध्ये त्याने सुरुवात केलेल्या पाचच्या पाच मॅच जिंकल्या, प्लेऑफच्या दोन जिंकल्या, आणि मग फिलाडेल्फियात उजव्या कोपराचं लिगामेंट फाटलं. मार्चमध्ये ऑपरेशन, सप्टेंबरमध्ये परत मैदानात.

आणि २०२३मध्ये काय केलं? ४,२८० यार्ड, ३१ टचडाउन, ११ इंटरसेप्शन. पासर रेटिंग ११३.०, अख्ख्या लीगमध्ये पहिला. प्रत्येक पासमागे ९.६ यार्ड, तिथेही पहिला. ज्या टीमकडून जो माँटाना आणि स्टीव्ह यंग खेळले, त्या टीमचा एका सीझनमधल्या यार्डांचा रेकॉर्ड शेवटून पहिल्या आलेल्या या पोराच्या नावावर गेला. जुना रेकॉर्ड जेफ गार्सियाचा, ४,२७८. दोन यार्डांनी मोडला! एमव्हीपीच्या मतदानात चौथा.

मग वाद कशाचा?

रूममेटची बाजू आधी प्रामाणिकपणे मांडतो. तो म्हणतो, "पासर रेटिंग म्हणजे काय? किती टक्के पास पूर्ण झाले, किती यार्ड, किती टचडाउन, किती इंटरसेप्शन, एवढ्यावरचा फॉर्म्युला. पास पकडून पुढचे वीस यार्ड कोण पळालं, हे त्या फॉर्म्युल्याला माहीतच नसतं." मुद्दा बरोबर आहे. पर्डीच्या आजूबाजूला कोण होतं बघा. क्रिश्चन मॅकॅफ्री, डीबो सॅम्युअल, ब्रँडन आयुक, जॉर्ज किटल. छोटा पास दिला तरी चौघांपैकी कोणीही पळत सुटतो. समोरचा हल्ला अडवायला ट्रेंट विल्यम्ससारखा भिंतीसारखा गडी. आणि वर कोच कायल शॅनहॅन. चेंडू सुरू व्हायच्या आधी खेळाडू इकडून तिकडे हलवायचे, पळायचं सोंग करून पास द्यायचा, डिफेन्सला एक सेकंद गोंधळात टाकायचं, ही त्याची खासियत. अटलांटात २०१६मध्ये शॅनहॅन ऑफेन्स चालवत होता आणि त्याच वर्षी मॅट रायन एमव्हीपी झाला. म्हणजे सिस्टिम खरंच चालते.

आपल्या भाषेत सांगायचं तर, प्लॅटफॉर्म टीमने सगळं तयार करून दिलंय, पर्डी फक्त एपीआय कॉल करतो.

आता माझी बाजू. मी इंजिनिअर आहे, म्हणून मी विचारतो, टेस्ट काय? दोन गोष्टी एकत्र चालतायत, तर कोणामुळे चालतंय हे कळायला एक तशीच ठेवून दुसरी बदलावी लागते. तर तीन टेस्ट करू.

टेस्ट एक. सिस्टिम तीच, माणूस दुसरा. गरापलो याच शॅनहॅनच्या हाताखाली २०१९मध्ये सुपर बोलपर्यंत गेला, तिथे ३१-२० हरला. त्याचं त्या वर्षीचं रेटिंग १०२. पर्डीचं ११३. रेटिंग कितीही आंधळं असलं तरी दोघांसाठी सारखंच आंधळं आहे, त्यामुळे हा फरक मोजायला हवा. शिवाय पर्डी काही दोन-दोन यार्डांचे सेफ पास टाकत नाही. तो मैदानाच्या मध्यभागी, गर्दीत, रिसिव्हर वळायच्या आधीच पास सोडतो. माणूस मोकळा झाल्यावर सगळेच टाकतील. तो मोकळा होणार आहे हे आधी ओळखणं, ते सिस्टिम शिकवू शकते, पण करून देऊ शकत नाही. पहिल्या टेस्टवर मी अनेक महिने ऐटीत होतो.

मग २०२५ आलं. पर्डीच्या पायाच्या अंगठ्याला दुखापत झाली, आठ मॅच मॅक जोन्सने सुरू केल्या. मॅक जोन्स म्हणजे न्यू इंग्लंडने पहिल्या फेरीत उचललेला आणि पुढे सोडून दिलेला क्वार्टरबॅक. तो इथे आला आणि आठपैकी पाच मॅच जिंकला. रूममेटचा मेसेज आला, नुसते हसणारे इमोजी. मी म्हटलं, "पर्डीने सुरू केलेल्या नऊपैकी सात जिंकल्यात." तो म्हणाला, "हो, पण फरक किती उरला ते बघ ना." बोलती बंद. पहिल्या टेस्टमध्ये पर्डी पास आहे, पण मला वाटत होतं तेवढ्या मार्कांनी नाही.

टेस्ट दोन. माणूस तोच, सिस्टिम मोडलेली. ही टेस्ट २०२४ने घेतली. मॅकॅफ्री फक्त चार मॅच खेळू शकला. आयुकचा गुडघा ऑक्टोबरमध्ये गेला. ट्रेंट विल्यम्स सीझनच्या उत्तरार्धात बाहेर. टीम ६-११. पर्डीचं रेटिंग ११३वरून ९६वर. टचडाउन पास ३१वरून २०, इंटरसेप्शन १२. हे काही वाईट आकडे नाहीत. ३,८६४ यार्ड टाकले, पळून ५ टचडाउन केले. बऱ्याच टीम्स असा क्वार्टरबॅक आनंदाने घेतील. पण आपला प्रश्न "चांगला आहे का" हा नाहीये.

तुलनेसाठी महोम्स बघा. मार्च २०२२मध्ये चीफ्सने टायरीक हिल हा आपला सगळ्यात वेगवान रिसिव्हर विकून टाकला. सगळे म्हणाले, आता संपलं. त्या वर्षी महोम्सने ५,२५० यार्ड आणि ४१ टचडाउन टाकले, एमव्हीपी झाला आणि सुपर बोल जिंकला. पुढच्या वर्षी पुन्हा सुपर बोल. मी रूममेटला म्हटलं, "अरे, पण अँडी रीडसारखा कोच आणि ट्रॅव्हिस केल्सी होतेच की! तुझ्या महोम्सलाही सिस्टिम आहे." तो म्हणाला, "आहेच. सिस्टिम सगळ्यांना असते. एक मोठा भाग काढून घेतल्यावर कोण किती खाली येतं, ते सांग." हे वाक्य मला पटलं. माझ्या मते एलिटची व्याख्या हीच आहे.

टेस्ट तीन, सगळ्यात छोटी आणि सगळ्यात अवघड. प्लॅन चालू प्लेमध्येच फसला, तर त्या तीन सेकंदांत माणूस काय करतो? इथे माझ्याकडे पर्डीसाठी सगळ्यात चांगला पुरावा आहे. २८ जानेवारी २०२४, डेट्रॉइट लायन्सविरुद्ध. हाफटाइमला स्कोअर २४-७, फोर्टीनाइनर्स मागे. दुसऱ्या हाफमध्ये पर्डी हातात चेंडू घेऊन स्वतःच पळायला लागला. समोरचे दरवाजे बंद झाले की बाजूच्या फटीतून बाहेर. मॅचमध्ये एकूण ४८ यार्ड तो स्वतः पळाला. टीमने सलग २७ पॉइंट्स केले आणि मॅच ३४-३१ जिंकली. अर्थात त्यातला एक लांब पास डिफेंडरच्या हेल्मेटवर आपटून उडाला आणि आयुकने झेपावत पकडला. नशीब? हो, शंभर टक्के नशीब. पण बाकीच्या पळण्यात नशीब नव्हतं.

आणि विरुद्ध पुरावाही देतो. २०२३च्या नाताळच्या रात्री बॉल्टिमोरविरुद्ध चार इंटरसेप्शन. समोर लमार जॅक्सन होता, जो त्या वर्षीचा एमव्हीपी झाला. आणि मग सुपर बोल. ओव्हरटाइम, तिसरा प्रयत्न, चार यार्ड हवेत, गोल लाइन अगदी समोर. चीफ्सच्या क्रिस जोन्सला कोणी अडवलंच नाही. तो सरळ पर्डीच्या तोंडावर आला, पास घाईत सुटला आणि वाया गेला. फील्ड गोलचे तीन पॉइंट्स मिळाले. मग महोम्स आला. चौथा प्रयत्न, एक यार्ड हवा, हुकलं तर सीझन संपला. तो स्वतः पळाला आणि आठ यार्ड घेतले. ७५ यार्डांची वाटचाल टचडाउनवर संपली.

क्रिस जोन्सला न अडवणं ही पर्डीची चूक नव्हती, हे मी दोन वर्षं ओरडून सांगतोय. तरीपण एलिट म्हणजे ज्याच्याकडून आपण अशा चुका झाकण्याचीही अपेक्षा करतो. कठोर आहे, पण तसंच आहे.

आता कोणी म्हणेल, एलिट म्हणा, नका म्हणू, काय फरक पडतो? फरक पैशांचा पडतो. आणि इथे गोष्ट खरी रंगते.

एनएफएलमध्ये सॅलरी कॅप असते. सगळ्या खेळाडूंच्या पगारांची वरची मर्यादा. २०२३मध्ये ती २२ कोटी ४८ लाख डॉलर होती. पर्डीचा त्या वर्षीचा पगार ८ लाख ७० हजार डॉलर. कॅपच्या अर्धा टक्काही नाही! ड्राफ्टमधून आलेल्या खेळाडूला तीन सीझन पूर्ण होईपर्यंत करार वाढवून मागता येत नाही. सुपर बोल खेळणारा क्वार्टरबॅक भाडं वाचवायला टीममेटसोबत फ्लॅट शेअर करत होता. बे एरियात राहणारे आमचे सीनियर म्हणाले, "बाबा रे, इथली भाडी तशीच आहेत."

म्हणजे पर्डी स्वस्त होता, म्हणून टीमला बाकीचे महागडे स्टार परवडत होते. २०२३मध्येच डिफेन्समधल्या निक बोसाला १७ कोटी डॉलरचा करार दिला. लोक म्हणायचे, स्टार्समुळे पर्डी चमकतो. पण स्टार्स होते ते पर्डीच्या पगारामुळे! या वादात हा मुद्दा फारसं कोणी काढत नाही.

मे २०२५मध्ये हिशोब फिरला. पाच वर्षं, २६ कोटी ५० लाख डॉलर. आपल्या पैशांत साधारण सव्वादोन हजार कोटी. वर्षाची सरासरी ५ कोटी ३० लाख, म्हणजे २०२५च्या कॅपच्या जवळजवळ १९ टक्के. त्याच उन्हाळ्यापूर्वी डीबो सॅम्युअल वॉशिंग्टनला गेला. डिफेन्समधले चारव्हॅरियस वॉर्ड, ड्रे ग्रीनलॉ, टलानोआ हुफांगा दुसरीकडे गेले. आता पर्डीला सिस्टिमने उचलून धरायचं की त्याने सिस्टिमला, हा प्रश्न पगाराच्या स्लिपवर लिहिलेला आहे. टीमने एलिटचे पैसे दिलेत. आता टेस्ट दोन दर वर्षी होणार.

पहिल्या वर्षाचा निकाल? डिसेंबर २०२५मध्ये शिकागोविरुद्ध ४२-३८ असा विजय. तीन टचडाउन पास देऊन, दोन स्वतः पळून. मी नाचलो. पुढच्याच मॅचमध्ये सिअ‍ॅटलच्या डिफेन्ससमोर अख्ख्या टीमचे तीन पॉइंट्स. मग प्लेऑफमध्ये पुन्हा सिअ‍ॅटल, ४१-६. मी दोन दिवस रूममेटचा फोन उचलला नाही. हो, एकाच फ्लॅटमध्ये राहून.

तर माझा निकाल. ब्रॉक पर्डी आज एलिट नाही. महोम्स आणि जॉश अ‍ॅलन ज्या रांगेत बसतात, तिथे तो बसत नाही. सगळं जुळून आलं तर तो त्या रांगेतल्यांइतकाच चांगला खेळतो; निम्मं मोडलं तर तो चांगल्यावर येतो, ते अजूनही भारीवर राहतात. माझं मत कधी बदलेल? ज्या वर्षी त्याच्याकडे दोनच धड रिसिव्हर असतील आणि तरी तो टीमला जानेवारीच्या शेवटापर्यंत नेईल, त्या वर्षी मी रूममेटला मिसळ खाऊ घालून माफी मागून घेईन.

पण "सिस्टिम क्वार्टरबॅक" ही शिवी मला आजही मान्य नाही. दोन सीझनमध्ये, त्याच कोचच्या हाताखाली, ट्रे लान्सला ती सिस्टिम चालवता आली नाही. त्याच्यासाठी तीन पहिल्या फेरीचे पिक्स गेले होते. सिस्टिम इतकी आपोआप चालत असती, तर तो कुठे असता?

शेवटी एक ऑफिसची गोष्ट. मागच्या अप्रेझलमध्ये मला विचारलं गेलं, "प्रोजेक्ट छान झाला, पण यात नेमकं तुझं काय?" मला राग आला होता. आमची टीम खरंच भारी आहे, म्हणून मला उत्तर देता आलं नाही. पर्डीवर एवढे महिने भांडल्यावर आता वाटतं, प्रश्न अपमानाचा नव्हता. उत्तर मला माहीत असायला हवं होतं. आमचे सांता क्लाराचे सीनियर एकदा रजेवर होते, रात्री दोनला सर्व्हर पडला, आणि सकाळपर्यंत मी तो उभा केला, अर्धवट, ठिगळं लावून. ते सांगायला हवं होतं. आणि अर्धवट होता, हेही.

कॅम्पसच्या यादीत शेवटचा होतो, हे आता कोणी विचारत नाही. २६२ हा आकडाही पर्डीला आता कोणी विचारत नाही. दोघांनाही आता एकच विचारतात, "माणसं कमी झाली तर काय करशील?"

बरं मंडळी, तुमचं मत काय? पर्डी एलिट आहे की नाही? आणि तुमच्या क्षेत्रात एखाद्याचं कौशल्य आणि टीमची ताकद तुम्ही वेगळी कशी ओळखता? कमेंटमध्ये लिहा, व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये घेतो. आणि फुटबॉलमधलं ओ की ठो न कळणारा जो मित्र आहे ना, त्यालाच हा एपिसोड आधी फॉरवर्ड करा. भेटू पुढच्या आठवड्यात. तोपर्यंत काळजी घ्या, बाय!